मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलेत एमसीआरचा (मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा) थर कसा बसवावा?

कारागीर मंडळी आणि फिजिओ, दोघांसाठी प्रश्न.

उन्हाळ्यात बूट माळ्यावर गेले की टाचदुखी डोकं वर काढते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पाच-दहा पावलांना टाचेखाली सुई टोचल्यासारखं, मग कमी. कोल्हापुरीचा सपाट तळ टाचेला उशी देत नाही, कमानीला टेकू देत नाही. मागे पट्टा नसल्याने चप्पल धरायला बोटं सतत आवळावी लागतात. टाच मोकळी पसरते, भेगा पडतात ते वेगळंच.

म्हणून टाचेखाली 8 मिमी एमसीआर, चवड्याकडे उतरत 3 मिमी, असा थर द्यायचा आहे. पण पाय वर उचलला गेला की चपलेचा अंगठा आणि पट्टा आवळतात, बोटांच्या बेचक्यात फोड येतो. शिवाय चामडं तेल पाजलेलं; 80 नंबरच्या पेपरने घासून सोल्यूशन लावलं तरी उन्हात कडा सुटतात.

तर थर वरून चिकटवावा, की चामडी वादीची शिलाई उसवून दोन तळांच्या मध्ये घालावा? मध्ये घातल्यास शिलाई मऊ रबराला कापत जाते का? आणि मागचा पट्टा कानांना (चपलेच्या बाजूच्या चामडी पाकळ्यांना) जोडला तर कान फाटतील, की खालून तळातच घ्यावा?

मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्यांसाठी हे विचारत नाहीये. त्यांनी अंगठ्याची चप्पल घालूच नये, फोड आलेला कळतही नाही.