मदत हवी आहे: कुत्रीच्या मोडलेल्या पायासाठी शेतातल्या हौदात पाण्यातला व्यायाम करता येईल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या कारवानी कुत्रीचा, भुरीचा, मागचा डावा पाय उन्हाळ्यात मोडला. रस्त्यावर मोटारसायकलची धडक बसली, मांडीच्या हाडाचे दोन तुकडे झाले. ऑपरेशन करून प्लेट बसवली. आता टाके निघालेत, जखम पूर्ण भरली आहे, आणि हाड चांगलं जुळून येतंय असं डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं.

पण ती त्या पायावर भारच देत नाही. उभी असली की पंजा जेमतेम टेकवते, चालायला लागली की पाय वर उचलून तीन पायांवर चालते. मांडी पार वाळली आहे. एका उडीत बांध ओलांडणारी कुत्री, तिला असं बघवत नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवता आलं तर लवकर ताकद भरेल. पुण्यात पाण्यातल्या ट्रेडमिलची सोय आहे म्हणतात, पण औशाहून तिला दर आठवड्याला एवढ्या लांब नेणं आम्हाला झेपणार नाही.

शेतात सिमेंटचा हौद आहे, माणसाच्या कमरेइतका खोल, पाणी बोअरचं. शिवाय शेजारी शेततळं आहे. वडील म्हणतात, शेततळ्यात सोडून द्या, जनावराला पोहायला शिकवावं लागत नाही. मला तळ्यात अंथरलेल्या निसरड्या प्लास्टिकच्या कागदाची भीती वाटते, म्हणून अजून तिकडं नेलं नाही. हौदात पाणी कुठपर्यंत ठेवू? किती वेळ? कुणी घरी असं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

गोठा_परभणी:
ताई, मी पशुवैद्यक आहे. शेततळ्याचा विचारच सोडा. कागदावर धडधाकट कुत्र्यालाही वर चढता येत नाही, दमून बुडतात.

हौद चालेल. पाणी तिच्या खुब्यापर्यंत आलं की पायांवर वजनाच्या साधारण ३८ टक्केच भार येतो, गुडघ्यापर्यंत ८५ टक्के आणि घोट्यापर्यंत ९१. म्हणून सुरुवात खुब्यापासून करा आणि ताकद येईल तसं काही आठवड्यांत पाणी उतरवत न्या. तिला पोहायला लावू नका. पोहताना कुत्री पुढच्या पायांवरच काम भागवते, आणि मागचा पाय दुमडला तरी मागं पुरता ताणला जात नाही. चालताना मात्र तो टेकवावाच लागतो.

तळाला गोठ्यात घालतात ती रबरी मॅट टाका. आत-बाहेर करायला उतार हवा, उडी अजिबात नको. छातीचा पट्टा घाला, गळ्याचा नको. पाणी कोमट, २८ ते ३० अंश असावं. दुपारपर्यंत उन्हात तापलं की उतरवा. पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं, मग विश्रांती. दुसऱ्या दिवशी जास्त लंगडली तर वेळ कमी करा. शेवाळलेलं पाणी नको, बाहेर काढल्यावर कान कोरडे करा.

त्याआधी एक बघा: गुडघा सहज दुमडतो का? मांडीचं हाड मोडल्यावर कधी कधी समोरचा स्नायू आखडून पाय काठीसारखा ताठ होतो. तसं असेल तर हौद राहू द्या, लगेच डॉक्टरांकडं न्या. दुखतंय म्हणून उचलते की सवयीनं, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

शिवार_औसा:
सर, खूप आभार. आत्ताच बघितलं, गुडघा दुमडतो, पण पूर्ण दुमडताना ती पाय ओढून घेते. उद्या डॉक्टरांना दाखवते आणि त्यांनी होकार दिला की मगच पाण्यात उतरवते. मॅट गोठ्यातलीच आहे. पाण्यात ती जागची हललीच नाही तर काय करू?

गोठा_परभणी:
तुम्ही स्वतः आत उतरा, तिच्या पुढं उभ्या राहा आणि भाकरीचा तुकडा दाखवत मागं सरका. मागून ढकलू नका. दुसऱ्या कुणाला तरी पोटाखाली हात धरायला सांगा. डॉक्टर दुखण्याबद्दल काय म्हणतात ते इथंच कळवा, त्यावरून वेळ ठरवू.