'रिप्रेझेंटेशन'ला मराठीत काय म्हणावं?

अनुजा_क: दूरचित्रवाणीच्या बातम्यांमधल्या स्त्रियांवरचा एक अहवाल मराठीत आणते आहे. 'रिप्रेझेंटेशन' हा शब्द जागोजागी येतो. मी 'प्रतिनिधित्व' लिहिलं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'चित्रण' केलं. पण किती जणी दिसतात आणि कशा दाखवल्या जातात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींना पुरेल असा शब्द आहे का?

सांजवारा: 'चित्रण'च बरोबर. प्रतिनिधी निवडून दिलेला असतो. बातमीतल्या बाईला कुणी निवडून दिलेलं नसतं.

मधुकर: सहमत नाही. जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पाने १९९५ मध्ये मोजणी केली तेव्हा बातम्यांत ज्यांच्याविषयी बोललं जातं किंवा ज्यांचं म्हणणं घेतलं जातं, त्यांत स्त्रिया १७ टक्के होत्या. २०२० मध्ये २५. जी पडद्यावर आलीच नाही तिचं चित्रण कसलं? मी 'वावर' सुचवतो.

सांजवारा: वऱ्हाडीत वावर म्हणजे शेत!

मधुकर: म्हणून प्रमाण मराठीतला अर्थ सोडून द्यायचा? आजी म्हणायची, "घरात तिचा वावर आहे." त्यात नुसतं दिसणं नाही, हक्कही आहे.

रेवा: मला 'वृत्तनिवेदिका' जास्त खटकतं. निवेदन म्हणजे अर्ज-विनंती.

मधुकर: मुळात 'विद्', जाणणे. निवेदन म्हणजे कळवणं. शब्दात लाचारी नाही.

रेवा: व्युत्पत्ती ऐकणाऱ्याच्या कानात नसते. नॅन विंटन १९६० मध्ये बीबीसीवर राष्ट्रीय बातम्या वाचू लागल्या आणि काही महिन्यांतच त्यांना हटवलं, कारण रात्रीच्या बातम्या बाईनं वाचणं प्रेक्षकांना पटत नव्हतं. तिथे 'इका' लावून वेगळी ओळख कशाला? सरळ अँकर म्हणा.

सांजवारा: 'अँकर आली', 'अँकर आला'. क्रियापद लिंग सांगतंच. त्यासाठी चांगला मराठी शब्द का टाकायचा?

रेवा: आणि 'तज्ज्ञ'ला तर लिंगाचा प्रत्ययही नाही. तरी त्याच २०२० च्या मोजणीत तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्यांत स्त्रिया २४ टक्केच.

अनुजा_क: शीर्षकाचं काय करू? 'स्थान आणि चित्रण' असं लिहावं का?

सांजवारा: दोन शब्द म्हणजे पळवाट. त्यापेक्षा अहवालात 'पीडिता' किती वेळा आलंय ते पाहा. मराठीत 'पीडित स्त्री' चालतं, आकारान्त रूपाची गरज नाही.

रेवा: इथे मी तुमच्या बाजूने. 'पीडिता' म्हटलं की तिचं वय, काम, म्हणणं सगळं गळून पडतं. शक्य तिथे 'तक्रारदार' लिहा.

मधुकर: प्रत्येक जण तक्रार करतेच असं नाही. तिथे 'तक्रारदार' चुकीचं ठरेल.