शरदातली ‘सरासरी’ नेमक्या कोणत्या तीस वर्षांची?

पानगळ (धागाकर्ता)

एखाद्या शहराचा ऑक्टोबर ‘सरासरीपेक्षा अर्धा अंश थंड’ अशी बातमी येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, यंदा हवा पूर्वीसारखी झाली. पण ती तुलना त्या ‘पूर्वी’शी नसतेच, ती असते १९९१ ते २०२० या तीस वर्षांशी. जागतिक हवामान संघटनेच्या २०१५च्या निर्णयानुसार दर दहा वर्षांनी ही खिडकी पुढे सरकते. मागच्या वेळी १९८१-९० हे दशक गळालं, २०११-२० आत आलं. जिथे हवा तापत चालली आहे तिथे गळालेलं दशक थंड आणि आलेलं उष्ण असतं, म्हणजे मोजपट्टीच वर सरकते. जो ऑक्टोबर जुन्या पट्टीवर उबदार ठरला असता, तोच नव्या पट्टीवर सर्वसाधारण ठरतो. त्या बातमीतला आकडा बरोबर असतो, तरी वाचणारा चुकीचं समजून बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. उत्तर गोलार्धातल्या शहरांच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या अहवालात तुलना १९६१-९०शीच करावी आणि ती पट्टी हलवू नये. शरदाचा आग्रह एवढ्यासाठी की ऋतू बदलल्याचं माणसाला जाणवतं ते याच महिन्यांत. पहिली गार पहाट कधी आली, हे लोकांच्या लक्षात राहतं.

पारा

अजिबात पटलं नाही. सरासरी कशासाठी काढतात, हा प्रश्न तुम्ही सोडूनच दिलात. विजेची मागणी किती राहील, पेरणी कधी करावी, इमारतीला किती ऊब लागेल, हे ठरवणाऱ्याला आजच्या हवेच्या जवळची सरासरी हवी असते. १९६१ सालची हवा त्याच्या काय कामाची?

आणि १९६१-९०मध्ये असं काय पवित्र आहे? १९३५ साली वॉर्सामधल्या परिषदेत प्रमाण कालखंड ठरला तो १९०१-३०. त्यानंतर १९३१-६० आला, मग १९६१-९०. तुमचा नियम तेव्हाच लावला असता तर आज आपण १९०१-३०ला धरून बसलो असतो. शिवाय दीर्घकालीन बदल मोजण्यासाठी जागतिक संघटनेने १९६१-९० अधिकृतपणे राखून ठेवलेला आहेच. दोन कामं, दोन पट्ट्या. एकीला दुसरीचं काम सांगू नका.

आकडेमोड

सरासरीपेक्षा मला विक्रमांच्या बातम्या जास्त खटकतात. हवामान अजिबात बदलत नाही असं धरा. तरी नोंदींच्या शंभराव्या वर्षी कुठल्याही एका तारखेचा उच्चांक मोडण्याची शक्यता शंभरात एक असतेच. शरदाचे दिवस ९१. म्हणजे शंभर वर्षांच्या नोंदी असलेल्या शहरात दर शरदात साधारण एक उच्चांक आणि एक नीचांक नुसत्या योगायोगाने मोडायला हवा. नोंदी फक्त पंचवीस वर्षांच्या असतील तर तीन-चार उच्चांक सहज मोडतील. ‘१२ ऑक्टोबरचा विक्रम मोडला’ या वाक्याला नोंदी किती वर्षांच्या हे कळल्याशिवाय काहीच वजन नाही.

खरी खूण वेगळीच असते: उच्चांक किती मोडले आणि नीचांक किती, यांचं गुणोत्तर. स्थिर हवामानात ते एकास एकच्या आसपास राहायला हवं. अमेरिकेतल्या स्थानकांच्या नोंदी २००९ साली तपासल्या गेल्या तेव्हा २००० नंतरच्या दशकात ते जवळपास दोनास एक निघालं. या हिशेबात कुठलीच तीस वर्षं लागत नाहीत. तुमचं भांडणच उरत नाही.

जुनी वही

मी काही वर्षं निरीक्षणांच्या जुन्या वह्या संगणकावर चढवण्याचं काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वरच्या तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: शहराची नोंद म्हणजे एकाच जागी, एकाच पद्धतीने लिहिलेली नोंद. तसं क्वचितच असतं. स्थानक गच्चीवरून मैदानात येतं, मैदानातून विमानतळावर जातं. पाऱ्याचा तापमापक जाऊन इलेक्ट्रॉनिक संवेदक येतो. निरीक्षणाची वेळ बदलते. भोवती इमारती उठतात आणि रात्रीचा पारा पूर्वीइतका उतरत नाही. ढग आणि वारा कमी असलेल्या शरदातल्या रात्री हा फरक सगळ्यात ठळक दिसतो, कारण तेव्हा मोकळी जमीन भरभर निवते आणि काँक्रीट निवत नाही. तुम्ही १९६१-९०शी तुलना कराल ती कदाचित दुसऱ्याच जागेशी असेल.

विक्रमांचंही तेच. लिबियातल्या अल-अझिझियाची १३ सप्टेंबर १९२२ची ५८ अंशांची नोंद नव्वद वर्षं जगातलं सर्वोच्च तापमान म्हणून छापली जात होती. २०१२ साली जागतिक संघटनेने ती रद्द केली. निरीक्षक नवखा होता, उपकरण वाचायला अवघड होतं, आणि चूक सुमारे सात अंशांची असावी असा निष्कर्ष निघाला. हे सापडलं ते मूळ वही उघडून बघितली तेव्हा. अक्षर बदललेलं होतं, आकडे चुकीच्या रकान्यात गेले होते.

उंबरठा

एक छोटी भर. शरदात महिन्याची सरासरी हीच फसवी असते, कारण पारा उतरणीला लागलेला असतो. नोव्हेंबरचा पहिला आणि शेवटचा दिवस यांत बऱ्याच ठिकाणी मोठं अंतर पडतं. त्यापेक्षा पहिलं दहिवर (गोठलेलं दव) साधारण कोणत्या तारखेला पडतं, ते सांगा.

पावसाला तर मध्यकच (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) वापरा. नऊ वर्षं २० मिलिमीटर आणि एका वर्षी वादळाने ३००, तर सरासरी ४८ येते. मग दहापैकी नऊ वर्षं ‘तुटीची’ ठरतात!

पानगळ

@पारा, १९०१-३०चा मुद्दा मान्य. ‘फक्त १९६१-९०’ हा हट्ट मी सोडतो. पण दोन पट्ट्यांचं तुम्ही म्हणता ते वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही, हे तुम्हीही मान्य करा. सप्टेंबर २०२३ घ्या. कोपर्निकस या युरोपीय हवामान सेवेच्या आकड्यांत जगाचं तापमान १९९१-२०२०च्या तुलनेत ०.९३ अंशांनी जास्त होतं आणि १८५०-१९००च्या तुलनेत सुमारे १.७५ अंशांनी. महिना तोच, आणि आकडा जवळपास दुप्पट. त्यांनी दोन्ही छापले म्हणून आपल्याला कळलं. शहराच्या अहवालात मात्र नुसतं ‘सरासरीपेक्षा’ असतं, वर्षं नसतात.

पारा

वर्षं लिहावीत, याला माझा विरोध कधीच नव्हता. पण जगाच्या आकड्यावरून शहराला नियम लावू नका. एका शहराचा ऑक्टोबर एका वर्षातून दुसऱ्यात दोन-तीन अंशांनी सहज हलतो. त्या चढउतारात दोन पट्ट्यांमधला फरक वाचणाऱ्याला दिसणारसुद्धा नाही. ऋतूच्या अहवालात दोन्ही पट्ट्या द्या. रोजच्या हवामानात एकच, आणि ती ताजी.

जुनी वही

आणि दोन्ही पट्ट्यांखाली स्थानक कधी, कुठून कुठे हललं त्याची तारीख.

पानगळ

ती तारीख शहराच्या अहवालात छापलेली मी अजून पाहिलेली नाही. कुणाला दिसली तर इथे टाका.