मदत हवी आहे: सावलीतल्या माशीमाराचा फोटो

नमस्कार मंडळी. थंडी पडल्यापासून सकाळी पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनला चक्कर असते, गळ्यात कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स. त्या जाडजूड वेलींपाशी एक माशीमार पक्षी येतो, हिवाळी पाहुणा. शेपटी झटक्यात वर करतो, भुर्रकन किडा टिपतो, पुन्हा फांदीवर. बघतच राहावं!

पण तिथे गर्द सावली. शटर १/५०० सेकंद ठेवलं की आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर आणि फोटोत पिसं रांगोळीसारखी रवाळ. १/१२५ ला शेपटी हललेली, धूसर येते. फ्लॅश मारायचा नाही, पाखराला कशाला त्रास? मोनोपॉडने (कॅमेऱ्याच्या एकपायी स्टँडने) फरक पडेल, की ऊन आत उतरेपर्यंत थांबावं? पाषाण तलाव सुचवू नका, हडपसरहून ऑफिसच्या आधी जमत नाही. नवी लेन्सही नको, घरून बजेट नामंजूर आहे.