गोट्याला कोण काय देतं? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

रविवार, १८ जानेवारी

मृणाल बी-४०३: सगळ्यांना नमस्कार. मेसेज मोठा आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.
गोट्याला काल दवाखान्यात नेलं होतं. वजन ६ किलो ९०० ग्रॅम भरलं. त्याच्या अंगकाठीच्या बोक्याचं ५ किलोच्या आसपास असायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. ऐकायला दोनच किलो वाटतात, पण ५० किलोच्या माणसाचं ६९ झालं तर कसं, तसं आहे हे. फासळ्या चाचपल्या तर बोटाला लागत नाहीत. पाठीचा मागचा भाग त्याला आता चाटता येत नाही, तिथे केसांच्या गुठळ्या झाल्यात. खिडकीच्या कट्ट्याखाली येऊन उभा राहतो, वर बघतो आणि तिथेच बसून जातो. बुधवारच्या बाजारातून, गोदाघाटावरून आणला तेव्हा माझ्या ओंजळीत मावत होता आणि दुसऱ्याच दिवशी पडद्यावर चढला होता.
साखर तपासली, आत्ता ठीक आहे. पण असंच चाललं तर मधुमेह, सांधेदुखी, लघवीचे त्रास, सगळं मागे लागू शकतं.
माझी विनंती एवढीच की, तुमच्याकडे येतो तेव्हा त्याला काय काय मिळतं ते इथे लिहा. कुणाला दोष द्यायचा नाही. तुम्ही सगळे त्याला जीव लावता हे मला माहीत आहे.

देशमुख बी-२०१: आमच्याकडे रविवारी बोंबील. डोकी आणि शेपट्या.

सायली बी-३०२: आमचा मुलगा पिल्लू त्याला चीज देतो. रोज एक क्यूब, कधी दोन. मी आजपासून बंद करते.

रोहन बी-१०४: वॉचमन काकांच्या चहाबरोबर बिस्किट असतं त्याचं. ठरलेलं आहे.

नलूकाकू बी-४०१: मी सकाळी वाटीभर दूध देते. साय घालून. म्हशीचं.

सेक्रेटरी: मध्येच सांगतो. उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ करणार आहेत. पाणी भरून ठेवा. चालू द्या तुमचं.

आप्पा बी-१०१: मृणाल, सोपा उपाय सांगतो. दोन दिवस काही देऊ नका. एकादशी समजा. भुकेने आपोआप उतरेल. आमच्या वाड्यात मांजरांना कोण वाढत होतं?

मृणाल बी-४०३: आप्पा, हेच करायचं नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलंय. माणसाचा उपवास मांजराला चालत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी एकदम सुटून यकृतात साठते आणि यकृत काम करेनासं होतं. जितकं मांजर जाड, तितका धोका जास्त.

फरीदा सी-१०२: आप्पा, मृणाल खरं सांगतेय. आमच्या राणीचं हेच झालं होतं. आम्ही लग्नाला गावी गेलो चार दिवस. शेजारच्यांकडे खाणं देऊन गेलो होतो, पण तिने तोंडच लावलं नाही. आम्ही नाही म्हणून रुसली असेल असं त्यांना वाटलं. आलो तेव्हा पलंगाखाली पडून होती, कानाच्या आतली कातडी आणि हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या. पहिल्या दवाखान्यात कावीळ म्हणून औषध देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मानेतून नळी घातली आणि त्या नळीतून मी पाच आठवडे, दिवसातून पाच वेळा पातळ खाणं भरवलं. रात्री गजर लावून उठायचे. वाचली, पण कुणावर अशी वेळ येऊ नये. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, उचला आणि घेऊन जा.

आप्पा बी-१०१: हे मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंस फरीदा. माझा शब्द मागे घेतो.

जोशी बी-३०४: मग आमच्यासारखं साधं जेवण का नाही? दूध-पोळी, भाताचं मऊ शित. मांस बंद केलं की वजन उतरतं, माझं उतरलंय.

मृणाल बी-४०३: जोशीकाका, मांजर मुळातलं मांसाहारी. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांसातूनच मिळतो, पोळीभातात तो नसतो. तो कमी पडला तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. आणि पोळीभाताने पोट भरलं तरी स्नायू झडतात. आपल्याला चरबी उतरवायची आहे, मांस नाही. म्हणून खाणं कमी करतानाही त्यात प्रथिनं भरपूर हवीत. वरचा खाऊ द्यायचाच झाला तर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. मीठ नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने मांजराचं रक्त बिघडतं. देशमुखकाका, सुक्या बोंबलात मीठ फार असतं हो.

देशमुख बी-२०१: बंद.

रोहन बी-१०४: ताई, रोजचं माप किती ठरलंय मग?

मृणाल बी-४०३: दिवसाला ५० ग्रॅम कोरडं खाणं. पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० कॅलरी लिहिल्यात, म्हणजे झाल्या १९०. हे त्याच्या आजच्या वजनावरून नाही, ५ किलोच्या हिशोबाने काढलंय. आणि ५० ग्रॅम म्हणजे काट्यावर मोजून. आम्ही इतके दिवस वाटीने देत होतो. परवा वाटी काट्यावर ठेवली तर एकदा ३८ ग्रॅम, एकदा ४६. तेही दिवसातून दोनदा. चूक आधी आमच्या घरातली आहे. नसबंदीनंतर बोक्याची भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र कमी होते, तेव्हाच माप उतरवायला हवं होतं. आता आठ-दहा दिवसांत थोडं थोडं कमी करत ५० वर आणायचं.
उतरायचंही हळूच. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे साधारण ७० ग्रॅम. पाच किलोवर यायला सहा-सात महिने लागतील.

सायली बी-३०२: सहा महिने!

मृणाल बी-४०३: हो. सगळ्यांनी मिळून केलं तरच. एका घरातून एक चीज क्यूब सुटला तरी त्या दिवसाचा हिशोब गेला.

नलूकाकू बी-४०१: माझ्या वाटीत किती होतात?

मृणाल बी-४०३: काकू, वाटी दीडशे मिलीची असेल. म्हशीचं दूध, वर साय. दीडशे कॅलरीच्या वरच जातं ते.

नलूकाकू बी-४०१: म्हणजे त्याचं जवळजवळ दिवसाचं जेवण मी एकटीच देत होते.

नलूकाकू बी-४०१: मला कुणी सांगितलं नाही. मांजराला दूधच द्यायचं असतं, हेच लहानपणापासून बघितलं.

मृणाल बी-४०३: काकू, आपण सगळ्यांनीच तेच बघितलं. पिल्लू आईचं दूध पितं ते वेगळं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. त्याला मध्ये जुलाब व्हायचे ते बहुधा त्यामुळेच.

नलूकाकू बी-४०१: हे गेल्यापासून सकाळी दार वाजवणारा तो एकच आहे. दूधवाला पिशवी अडकवून जातो, गोट्या मात्र पंजाने दार खरवडतो. मी वाटी ठेवते, तो पितो, मग माझ्या पायावर डोकं घासून जातो. आता मी त्याला काय दाखवून बोलावू?

मृणाल बी-४०३: काकू, मी येते तिकडे. ग्रुपवर नको.

मृणाल बी-४०३: सगळ्यांसाठी लिहिते. काकूंशी बोलले आणि असं ठरवलंय. गोट्याच्या ५० ग्रॅममधले १५ ग्रॅम रोज सकाळी स्टीलच्या डबीत काकूंकडे जातील. सकाळचं त्याचं जेवण काकूंच्याच हातचं. वाटीत घालायचं नाही, पॅसेजमध्ये एकेक दाणा दूर फेकायचा, म्हणजे त्याला धावावं लागेल. बाकीचं आम्ही तीन वेळांत विभागून देऊ. कुणालाही त्याला भरवावंसं वाटलं तर मला सांगा, त्याच ५० मधून डबी मिळेल.

सायली बी-३०२: हे फार छान केलंत. पिल्लू विचारतोय, संक्रांतीचा मांजा उरलाय, त्याने त्याला खेळवू का?

फरीदा सी-१०२: नको नको! मांजाच काय, साधा दोरासुद्धा नको, लोकरही नको. मांजराची जीभ काट्यांची, तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, गिळतच जातं. आतड्यात अडकला की आतडं गोळा होतं, चिरतंही. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

मृणाल बी-४०३: पिल्लूला सांग, कागदाचा बोळा कर. रिकाम्या खोक्यात चार दाणे लपव आणि त्याला शोधू दे. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. धापा टाकायला लागला की थांबायचं. या थंडीत तो दिवसभर गोधडीतून हलत नाही, त्यामुळे खेळायला कुणी आलं तर मला हवंच आहे.

रोहन बी-१०४: वजन कसं करणार घरी?

मृणाल बी-४०३: प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा आहे. कापडी पिशवीत बसवायचं, पिशवीचं वजन वजा करायचं. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी. माणसाने उचलून वजनकाट्यावर उभं राहण्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो, आणि आपल्याला शोधायचेत ७० ग्रॅम.

रोहन बी-१०४: वॉचमन काकांना सांगितलं. ते म्हणाले, मग मी त्याच्यासमोर बिस्किट खाणारच नाही, गेटच्या बाहेर जाऊन खाईन.

रविवार, १ फेब्रुवारी

मृणाल बी-४०३: ६ किलो ८०० ग्रॅम. दोन आठवड्यांत १०० ग्रॅम. पहिले चार दिवस रात्री फार ओरडला, खालच्या मजल्यावर त्रास झाला असेल, माफ करा. आता झोपायच्या आधी शेवटचे दहा ग्रॅम देतो, तर शांत असतो.

आप्पा बी-१०१: ओरडू दे. आम्ही जागेच असतो.

देशमुख बी-२०१: आज बोंबील केले होते. दार बंद ठेवलं. तो बाहेर बसून होता बराच वेळ. जीव तुटला, पण उघडलं नाही.

मृणाल बी-४०३: खूप आभार काका. मला माहीत आहे किती अवघड आहे ते.

सायली बी-३०२: आज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून एकदम वर उडी मारली त्याने! पिल्लूने पाहिली.

सोमवार, २ फेब्रुवारी

नलूकाकू बी-४०१: मृणाल, साडेसात झाले. डबी आली नाही अजून. तो केव्हाचा दारात बसलाय.

मृणाल बी-४०३: आले काकू, पॅसेजमध्येच आहे.