ब्राझील-पोर्तुगालच्या जुन्या शर्टांपेक्षा भारताचे शर्ट जमवा. पटतं का?

फातोर्डा_नॉर्थस्टँड

गोव्यात राष्ट्रीय फुटबॉल संघांचे जुने शर्ट जमवणाऱ्या कुणाचंही कपाट उघडा, पिवळा आणि गर्द लाल हेच रंग आधी दिसणार. घरात कुणी तारवटी म्हणजे जहाजावर असतो, कुणी लिस्बनला, कुणी इंग्लंडमधल्या स्विंडनला, त्यामुळे ब्राझील आणि पोर्तुगालचे शर्ट इथे पोचतात. त्यात वाईट काही नाही. पण ब्राझीलचा 1998 चा शर्ट आज नाही मिळाला तर पाच वर्षांनी मिळेल. तो जगभर विकला गेला होता.

भारताच्या शर्टांचं तसं नाही. ब्रह्मानंद संखवाळकर, ब्रूनो कुतिन्हो, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स हे सगळे आपल्या गोव्याचे आणि सगळे भारताकडून खेळलेले. 1999 ची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा मडगावात झाली आणि भारताने जिंकली. त्या संघाचे शर्ट आज कुठे आहेत? तेव्हा चाहत्यांसाठी दुकानात शर्ट ठेवायची पद्धत आपल्याकडे रुजलेली नव्हती. संघासाठी शिवले तेवढेच. त्यातले काही माळ्यावरच्या ट्रंकेत असतील, काहींची फडकी झाली असतील. गोव्यात राहणाऱ्या संग्राहकाने पैसा आणि वेळ आधी इथे घालावा असं माझं ठाम मत आहे. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

दोनापावला_लेबल

विरोध आहे. कारण एकच, पुरावा.

परदेशी शर्ट अस्सल आहे की नाही हे तपासता येतं. 2000 नंतरचा नाइकीचा शर्ट घ्या. आतल्या शिवणीत छोटी पट्टी असते, तिच्यावर सहा आकडे (अलीकडच्या शर्टांत दोन अक्षरं आणि चार आकडे), मग आडवी रेघ, मग तीन आकडे. पहिले सहा मॉडेलचे, पुढचे तीन रंगाचे. हा क्रमांक इंटरनेटवर शोधला की तोच शर्ट समोर यायला हवा. नकली माल बनवणारे एकच पट्टी हजार शर्टांना लावतात, त्यामुळे हातात पोर्तुगालचा शर्ट आणि क्रमांक भलत्याच क्लबचा, असं सर्रास सापडतं. आदिदासच्या अलीकडच्या शर्टांत मानेच्या किंवा आतल्या लेबलामागे बारीक चिठ्ठी असते, प्रत्येक शर्टाचा क्रमांक वेगळा. विकणाऱ्याकडे दोन शर्ट असतील तर दोन्ही उलटे करून बघा. क्रमांक सारखाच निघाला तर दोन्ही परत द्या.

त्याहून जुन्या शर्टांना इतिहास लावून बघायचा. ब्राझीलने 1994 चा विश्वचषक अंब्रोच्या शर्टात जिंकला. कापडातच संघटनेची मोठी बोधचिन्हं विणलेली आणि छातीवर तीन तारे, जिंकलेल्या प्रत्येक विश्वचषकाचा एक. चौथा तारा जिंकल्यानंतर आला. चार तारेवाला शर्टही अस्सल असू शकतो, पण तो 'विश्वचषकातला' म्हणून विकत असतील तर ती थाप आहे. फ्रान्सचं 1998 चंही तेच, स्पर्धेत तारा नव्हता. पश्चिम जर्मनीच्या 1990 च्या शर्टावर, छातीवरून काळी-लाल-सोनेरी पट्टी जाते त्याच्यावर, एकही तारा नको आणि पाठीवर नाव तर मुळीच नको. विश्वचषकात पाठीवर नावं 1994 पासून आली. आदिदासचं तीन पानांचं चिन्ह तेव्हाचं, तीन तिरक्या पट्ट्यांचं नंतरचं. आणि 1986 च्या शर्टाच्या लेबलवर संकेतस्थळाचा पत्ता छापलेला दिसला तर पुढे काही बघायची गरजच नाही.

आता सांगा, 1999 च्या भारताच्या शर्टाला यातलं काय लावणार? कॅटलॉग नाही, क्रमांक नाही. 'काकाने दिला' एवढंच. काकाचा शब्द खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण तोच शर्ट तिसऱ्या हातात गेला की तो शब्द मागेच राहतो.

म्हापसा_सुईदोरा

लेबलवर एवढा भरवसा ठेवू नका. लेबल उसवून दुसऱ्या शर्टाला लावणं पंधरा मिनिटांचं काम आहे. फाटक्या अस्सल शर्टाचं लेबल चांगल्या नकली शर्टात बसवलेलं असतं. ओळखायचं कसं? लेबलाच्या कडेने जुन्या टाक्यांची भोकं दिसतात का बघा. लेबल धरून ठेवणारा दोरा आणि शेजारच्या शिवणीचा दोरा एकाच रंगाचा, एकाच जाडीचा हवा. वीस वर्षं धुतलेल्या शर्टात सगळे दोरे सारखेच विटतात. लेबलाचा दोरा तेवढा ताजा पांढरा असेल तर तो नंतर घातलेला आहे.

मग बोधचिन्ह उलट्या बाजूने बघा. भरतकामामागे आधाराचा कागद असतो. चांगल्या कामात तो चिन्हाच्या कडेला नीट कापलेला असतो, अक्षरा-अक्षरांमध्ये लोंबणारे दोरे नसतात. खांद्यावरच्या तीन पट्ट्या काही शर्टांत वेगवेगळ्या शिवतात, काहींत विणलेली एकच फीत लावतात. त्या वर्षी त्या कंपनीने काय केलं होतं ते जुन्या फोटोंत बघून मगच मत बनवा.

आकडाही बोलतो. 80 आणि 90 च्या दशकांत मखमली छपाईचे आकडे भरपूर वापरले जात. त्यावरून बोट फिरवलं की लव एका दिशेने पडते आणि रंग गडद-फिका होतो. जुन्या मखमलीचे काठ झिजतात, कोपरे उचलले जातात. चकचकीत प्लास्टिकच्या आकड्याला म्हातारपणी तडे जातात, आणि हे तडे कापडाच्या ताणाच्या रेषेत पडतात. सगळीकडे सारखेच चौकोनी तडे दिसले तर ते मुद्दाम पाडलेले.

यातलं काहीही कंपनीच्या कॅटलॉगवर अवलंबून नाही. भारताच्या शर्टालाही हे सगळं लागू होतं. लेबल बाब, तुमचा आक्षेप अर्धाच खरा आहे.

दोनापावला_लेबल

शिवण बघून शर्ट जुना आहे हे कळेल. तो राष्ट्रीय संघाचा आहे हे कसं कळणार? त्या काळी निळे शर्ट शाळांचेही होते आणि ऑफिसच्या संघांचेही.

फातोर्डा_नॉर्थस्टँड

लेबल बाब, तुमच्याच परदेशी कपाटातलं सर्वात मोठं उदाहरण घेतो. मॅराडोनाने 22 जून 1986 ला इंग्लंडविरुद्ध घातलेला निळा शर्ट. अर्जेंटिनाच्या संघाला मेक्सिकोच्या उन्हासाठी हलके, पर्यायी रंगाचे शर्ट हवे होते, म्हणून ते मेक्सिको सिटीतल्या दुकानातून आणले. बोधचिन्हं घाईत शिवली, पाठीवर अमेरिकन फुटबॉलच्या धाटणीचे चंदेरी आकडे चिकटवले. तो शर्ट मे 2022 मध्ये लिलावात 71 लाख पौंडांवर गेला. लेबल बघून त्याला कुणी अस्सल ठरवलं नाही, लेबल तर दुकानातल्या शर्टाचंच होतं. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने सामन्यानंतर तो बदलून घेतला होता, ही मालकीची साखळी. आणि फोटोतला बोधचिन्हाचा टाका-टाका, आकड्याची जागा, पट्ट्यांची ठेवण प्रत्यक्ष शर्टाशी जुळवली, हा दुसरा पुरावा.

साखळी आणि फोटो. भारताच्या शर्टाला हेच दोन लागतात, आणि ते दोन्ही गोव्यात मिळू शकतात, कारण खेळाडू इथले, त्यांची कुटुंबं इथली, वर्तमानपत्रांचे जुने अंक इथल्या वाचनालयांत.

दोनापावला_लेबल

उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. त्या सामन्याचे रंगीत, स्वच्छ फोटो आणि पूर्ण चित्रण उपलब्ध आहे. शर्टात उभ्या पट्ट्यांची विण आहे, आणि कापड कापताना पट्टी शिवणीला नेमकी कुठे मिळते हे प्रत्येक शर्टात वेगळं येतं, म्हणून जुळवणी शक्य झाली. भारताचा शर्ट बहुतेक वेळा एकरंगी. वर्तमानपत्रातला काळा-पांढरा फोटो भिंगाखाली धरला की ठिपके दिसतात, टाका दिसत नाही.

एक मान्य. 2018 पर्यंत भारताचे शर्ट नाइकी करत होती, मग सिक्स5सिक्स आली, 2023 पासून परफॉरमॅक्स. नाइकीच्या काळातल्या शर्टांना क्रमांकाची पट्टी आहे, 2007, 2009 आणि 2012 चे नेहरू चषक त्याच काळातले. ते जमवा, मी स्वतः शिफारस करीन. त्याआधीच्या शर्टासाठी मोठी रक्कम मोजायला मात्र कुणाला सांगू नका.

कोरडं_कपाट

तुम्ही अस्सल-नकलीवर भांडताय, आणि जूनमध्ये दोन्हीवर बुरशी चढते. माझं मत दोघांच्याही विरोधात आहे: ठेवायची सोय नसेल तर गोव्यात जुना शर्ट विकत घेऊच नका, देशी की परदेशी हा प्रश्न नंतरचा.

हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती आठवडेच्या आठवडे वर असते. 20 लिटरचा रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. त्यात 50 ग्रॅमच्या सिलिका जेलच्या तीन-चार पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 45 ते 55 मध्ये हवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओलावा भरला. ते कापडी पिशवीतून काढून धातूच्या ताटात पसरा, ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतात. डबा भरायचा तो फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी. जुलैत भरलात तर ओलावाच आत कोंडाल.

घडी घालताना आकड्यावर आकडा येऊ देऊ नका, उकाड्यात प्लास्टिक एकमेकांना चिकटतं आणि सोडवताना सालपट निघतं. मधे बेकिंगचा न चिकटणारा कागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. साड्यांची पारदर्शक प्लास्टिकची कव्हरं तर अजिबात नकोत, त्यातला मऊ करणारा पदार्थ आकड्यांत उतरतो आणि आकडे चिकचिकीत होतात. डांबरगोळ्यांचा वासही कापड सोडत नाही.

धुणं: शर्ट उलटा करून, 30 अंशांपर्यंतच्या पाण्यात, सौम्य द्रव साबणाने दहा मिनिटं, हाताने. पिळायचा नाही, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, सावलीत आडवा वाळवायचा. विहिरीचं पाणी टाळा, आपल्या चिऱ्याच्या जमिनीतल्या पाण्यात लोह असतं आणि पांढऱ्या कापडावर तांबूस झाक येते. इस्त्री आकड्यावर कधीच नाही. लाल पॉलिएस्टरवर पांढरा आकडा असेल, म्हणजे पोर्तुगालवाल्यांनो तुमचाच, तर उष्णतेने कापडाचा लाल रंग आकड्यात चढतो आणि तो गुलाबी होतो. तो गुलाबी परत जात नाही.

म्हापसा_सुईदोरा

धुण्याबद्दल थांबा. चाहत्याचा शर्ट धुवा, पण खेळाडूने सामन्यात घातलेला शर्ट धुवायचा नाही. खांद्यावर घासलेलं गवत, कॉलरच्या आतला घामाचा पिवळा पट्टा, पोटाजवळ ओढला गेलेला धागा, हीच तर फोटोशी जुळवायची खूण. धुऊन इस्त्री केलेला शर्ट सुंदर दिसतो आणि मुका होतो.

कोरडं_कपाट

न धुतलेला घाम म्हणजे मीठ आणि तेल. मीठ ओलावा ओढतं, तेलावर बुरशी पोसते, आणि दहा वर्षांत काखेतलं सुती कापड सुटायला लागतं. तुमची खूणही त्याबरोबर जाते. आधी दिवसाच्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून प्रत्येक डागाचा फोटो घ्या, मग धुवा. बुरशी आधीच असेल तर शर्ट पूर्ण सुकवून, तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर मऊ ब्रशने झटका आणि नंतरच पाण्यात घाला. ओली बुरशी घासली की ती विणीत शिरते.

म्हापसा_सुईदोरा

फोटो हा शर्टाचा पर्याय नव्हे. कोरड्या डब्यात, 50 टक्क्यांवर, न धुतलेला शर्टही टिकतो, तुमचाच डबा वापरून. यावर आपलं जमणार नाही.

बाणावली_15

या सगळ्या खटाटोपापेक्षा अधिकृत नवी प्रत घ्या की. स्कोअर ड्रॉसारख्या कंपन्या परवान्याने जुन्या धाटणीचे शर्ट काढतात. मैदानात घालून जाता येतं, घाम आला तरी जीव खालीवर होत नाही. परदेशातून वापरलेला शर्ट मागवायचा तर आयातीचे निर्बंध, कर, पोस्ट, आणि वर अस्सल निघेल याची हमी नाही.

दोनापावला_लेबल

घालायला उत्तम, मीही हेच सुचवतो. फक्त पुढे विकताना कंपनीचं लेबल कापू नका. लेबल कापलेली नवी प्रतच पुढे 'मूळ शर्ट' म्हणून फिरते. आणि अंगाला मापाने घ्या, आकाराच्या अक्षराने नको: शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं. 90 च्या दशकाचा एल आणि आजचा एल यांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो.

फातोर्डा_नॉर्थस्टँड

लेबल बाबांचा एक मुद्दा मला पटला, नाइकीच्या आधीच्या शर्टासाठी अनोळखी विक्रेत्याला मोठी रक्कम देऊ नये. पण कुटुंबाकडून घ्यायला काय हरकत आहे? ती साखळी आज लिहून घेता येते. खेळाडू स्वतः सांगायला आहे तोवरच घेता येते.

कुणाच्या घरी गेलात तर शर्ट मागण्याआधी कागद काढा. शर्ट कोणत्या स्पर्धेचा, कोणत्या सामन्याचा, आकडा कोणता, संघाकडून मिळाला की प्रतिस्पर्ध्याशी बदलला, त्यानंतर कुणाकुणाकडे होता, कधी धुतला, कुठे शिवला, हे खेळाडूच्या किंवा घरच्यांच्या हातून लिहून घ्या, खाली सही आणि तारीख. मग शर्ट आणि तो कागद त्यांच्या हातात एकत्र धरलेला एक फोटो. कागदाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. घरच्यांना शर्ट द्यायचा नसेल तर जबरदस्ती करू नका, कोरडा डबा आणि सिलिकाच्या पुड्या तेवढ्या देऊन या.

दोनापावला_लेबल

त्या कागदात आणखी एक ओळ घाला: शर्टाच्या आत कॉलरपासून किती सेंटिमीटरवर कोणता टाका किंवा डाग आहे. नाहीतर उद्या तोच कागद दुसऱ्याच निळ्या शर्टाबरोबर विकला जाईल.