पालक सभेत मुलाची गोष्ट सांगू का नको?

राजापूरची आई:
नमस्कार. आमच्या वाडीवरची शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे मुलगा जूनपासून पाचवीला खालच्या गावात जातो, पऱ्यावरचा साकव ओलांडून वर रस्त्याला यायचं आणि मग एसटी. पहिले पंधरा दिवस बरे गेले, मग रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. आंघोळ करतो, युनिफॉर्म घालतो, दप्तर पाठीला लावतो आणि वळणावर एसटीचा आवाज आला की ओकतो. शर्टाची कॉलर चावून चावून शिवण उसवलीय. रविवारी मात्र काहीच नाही. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफीपण केली, सगळं नॉर्मल. शाळेतून एकच ऐकते, लाडावून ठेवलाय, दोन रट्टे द्या. जुलैत अकराच दिवस गेला. शनिवारी पालक सभा आहे, उभं राहून सगळं सांगावं असं फार वाटतंय, कारण वाडीवरची अजून दोन पोरं घरी बसायला लागलीत. नवरा म्हणतो, गावात पोराचं नाव खराब होईल. कोणी केलंय का असं?

चिपळूणकरीण:
ताई, मी केलंय, आणि एक चूक पण केलीय ती आधी सांगते. मुलीला न विचारता सभेत सगळं बोलले, अंथरुण ओलं व्हायचं तेसुद्धा. लोक हळहळले, पण दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलींना ते माहीत होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. म्हणून आधी त्याला विचारा, काय सांगू आणि काय नको. तुमचं जे आहे ते तुम्ही बिनधास्त सांगा, म्हणजे सकाळी दारात उभं राहून तुम्हाला काय होतं ते. आणि "खूप त्रास होतो" असं मोघम नको, कॅलेंडरवर रोजचं लिहा, कधी उठला, कधी दुखलं, कधी थांबलं. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा तेच पान दाखवलं, हेडबाई पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होत्या. शेवटी मागणी एकच करा. मी मागितलं की महिनाभर तिला मधल्या सुट्टीपर्यंतच बसू द्या, मग हळूहळू वाढवलं. पूर्ण घरी ठेवू नका मात्र, जितके दिवस घरी तितकं परत जाणं अवघड होतं.

निवृत्त गुरुजी:
रट्टे द्या म्हणणाऱ्यांना सांगा, शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, तेव्हा सभेच्या आधी त्यातल्या दोघी-तिघींना घरी जाऊन भेटा, एकटीने एकदम उभं राहणं कठीण असतं. दुसरं, आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत असायला हवी. वाडीवर पाचवीचा वर्ग मागायचा असेल तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तिन्ही घरांनी मिळून लेखी द्या, पोच घ्या. मुलाचं नाव त्यात घालायची गरज नाही, किती मुलं आणि किती अंतर एवढं पुरे. आणि टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मालवणचो:
गो बाये, माझ्या झिलाचा पण असाच होता. नाटकां करता म्हणान मी त्येका मारलंय, अजून जीवाक लागता. तू सांग, भियाव नको.

राजापूरची आई:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवताना त्याला विचारलं, सभेत काय सांगू. बराच वेळ भाकरीचे तुकडे करत बसला, मग म्हणाला, ओकतो ते सांगू नको, पण एसटीत मागच्या सीटवरची मोठी पोरं माझं दप्तर खिडकीबाहेर धरतात ते सांग. दोन महिने झाले ताई, मला हे कालच कळलं. डेपोत अर्ज द्यायचा का आधी शाळेत?